माहेरचा रकाना

त्या खोलीत चपला काढून जावं लागायचं, देवळात जावं तसं. आत कॉम्प्युटर होता आणि त्याला धूळ चालत नव्हती. सांगलीच्या त्या इस्पितळातल्या एकुलत्या एक थंड खोलीत मी अनवाणी बसायचो आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत राहायची. बाहेर ऊन, आत मशीनची एकसुरी घुमघुम. दुपारी डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत ती अक्षरं पाण्यावरच्या शेवाळासारखी तरंगायची. अजूनही कधी कधी तरंगतात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मला त्याचा अभिमान आहे. लपवायचं काय त्यात? नव्वद सालानंतरची ती वर्षं. पदवी मिळाल्यावर मी एका साखर कारखान्यात ऊस तोलायच्या काट्याचे प्रोग्रॅम केले, आणि तिथून एका डॉक्टरबाईंनी मला उचलून आणलं. त्या मूळच्या वाईच्या, शिकल्या मुंबईत. रक्त न थांबण्याच्या आजाराचे रुग्ण बघायच्या. हा आजार होतो मुलग्यांना, पण येतो बहुतेक वेळा आईकडून. तिला स्वतःला सहसा काही होत नाही, ती तो नुसता पुढं देते. कुठल्या बाईत तो आहे आणि कुठल्या बाईत नाही, हे मुंबईची एक प्रयोगशाळा जनुकं तपासून सांगू लागली होती. अट एकच. त्याच नात्यातल्या आजारी पुरुषाचं रक्त आधी हवं. त्याच्यातला बिघाड सापडला, की तोच बाईत शोधायचा.

मॅडमना नात्यांचा नकाशा काढणारा प्रोग्रॅम हवा होता. कागदावर त्या पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल काढायच्या. माझ्या पडद्यावर चित्रं निघत नव्हती, म्हणून मी पुरुषाला चौकोनी कंस दिला, बाईला गोल कंस. रुग्णाचं नाव, आडनाव, गाव, घराण्यात आणखी कुणाला आजार, असे रकाने होते. एका आडनावाची माणसं मशीन आपोआप जवळ आणून ठेवायचं. आम्ही दोघं त्याच्यावर लय खूश होतो.

मग एक पहिलटकरीण आली, आईला घेऊन. माहेर वडूजकडचं, सासर सांगलीजवळ. तिचा धाकटा भाऊ लहानपणीच गेला होता. दुधाचा दात पडला आणि रक्त थांबलंच नाही.

"माझ्यात हाय का न्हाई, तेवढंच सांगा," ती म्हणाली.

तिच्यात असेल तर बाळंतपण इस्पितळातच, सगळी तयारी ठेवून. नसेल तर रीतीप्रमाणं माहेरी. तिची आई हट्टाला पेटली होती. "लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याच दारात व्हायचं. सुईण सांगून ठेवलीय मी."

"आणि बाळाला तोच आजार निघाला तर?" मॅडम म्हणाल्या.

आईनं पदर तोंडाला लावला. एकदा रक्त थांबलं नव्हतं ते त्याच दारात.

भाऊ नव्हता, म्हणजे त्याचं रक्तही नव्हतं. मॅडमनी विचारलं, "तुमच्या घराण्यात आणखी कुणाला असं होतं?"

"न्हाई बाई. त्यो एकटाच."

मी पडद्यावर शोधलं. मशीनही नाहीच म्हणालं. पोरगी पडद्याकडं बघत बसली. तिच्या बांगड्यांवर हिरवा उजेड पडला होता.

त्या रविवारी गावी गेलो. जेवून सोप्यात आडवा झालो होतो, अर्धा झोपेत, अर्धा जागा. बाहेर बोअरिंगवर बाया घागरी भरत होत्या. आमच्या आळीत बाईला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. ए पलूसची, ए तासगावची, असं चालायचं. माझी आई म्हणजे त्यातली पलूसची. त्या हाका ऐकता ऐकता मला वाटलं, माझे गोल कंस पडद्यावरून उतरलेत, डोक्यावर घागरी घेऊन ओळीनं चाललेत, आणि प्रत्येकीच्या मागं एका गावाची लांबलचक सावली आहे.

उठलो आणि आईला विचारलं, "आई, तुझ्या घराण्यात कोण कोण गं?"

तिनं माझ्या आज्याचं नाव सांगितलं, चुलत्यांची सांगितली, माझं सांगितलं.

"आन तुझी आई? बहिणी?"

"त्या माहेरच्या की रं. त्यांचं घराणं येगळं."

तिथं मला आमची चूक दिसली. आजार येणार आईच्या बाजूनं, आणि आमचा रकाना विचारणार घराणं. लग्न झालेल्या बाईचं घराणं म्हणजे सासर. आमच्याकडं कुठल्याही बाईनं हेच उत्तर दिलं असतं, आणि ते खरंच असतं.

मग आळीतल्या बायांना विचारत सुटलो. माहेर कुठलं, आईचं माहेर कुठलं, आजीचं कुठलं? भराभर सांगत होत्या, हसत होत्या. वडील दारातून ओरडले, "एवढी शाळा शिकलास, आन आता बायकांची माहेरं इचारत फिरतोस व्हय रं?"

"व्हय," मी म्हणालो. "त्याचाच पगार हाय."

सोमवारी पडदा बदलायला घेतला. घराण्याचा रकाना काढून टाकला. लेकीकडून आईकडं, आईकडून आजीकडं जाणारी वाट केली आणि प्रत्येकीपाशी एकच प्रश्न ठेवला, माहेर कुठलं? कॉलेजात हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण कॉलेजात गेलो नसतो तर हे मशीनला शिकवता आलं नसतं. मॅडमनी रुग्ण येतील तसे रकाने भरून घेतले. पोरीचं पोट दिसू लागलं होतं.

एका दुपारी दोन गोल कंस एकाखाली एक येऊन थांबले. पोरीच्या आजीचं माहेर कुंडल. माण तालुक्यातल्या एका शिंप्याच्या आजीचं माहेरही कुंडल, वाडीही तीच. हा शिंपी मॅडमचा जुना रुग्ण. गुडघे आजारानं आखडलेले, जीभ मात्र मोकळी. मॅडमनी आधी त्याची परवानगी घेतली, मगच पोरीच्या आईला बोलावलं.

आई म्हणाली, "माझी एक मावशी माणात दिली हुती. आई गेली, मग येणंजाणं सुटलं. तिच्या लेकीच्या पोराला असं हुतं, म्हणत्यात."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मॅडम म्हणाल्या.

"आवं, तुमी घराण्याचं इचारलंसा. मावशीचं कुठं इचारलंसा?"

मॅडम माझ्याकडं बघून हसायला लागल्या.

शिंप्यानं बाही वर केली. मॅडम सुई जपून धरत होत्या. तो म्हणाला, "बाई, तुमी कशाला भेताय? मी दिवसभर सुईसंगंच असतो." मग बाकावरच्या पोरीकडं वळला. "म्हंजे मी तुझा भाऊच लागतो की गं."

पोरीनं सरकून त्याच्यासाठी जागा केली.

दोघांचं रक्त बर्फाच्या डब्यातून मुंबईला गेलं. ओटी भरून पोरगी माहेरी न्यायची वेळ झाली, तरी उत्तर नव्हतं. तिची आई गाठोडं घेऊन इस्पितळाच्या ओसरीवरच बसली. उत्तर आलं तेव्हा मॅडमनी ते कॉम्प्युटरच्या खोलीतच उघडलं, आम्ही सगळे अनवाणी. शिंप्याच्या रक्तात बिघाड सापडला होता. पोरीत तो नव्हता.

आई गाठोडं आणायला ओसरीकडं वळली. पोरगी कितीतरी वेळ पडद्यावरच्या आपल्या गोल कंसाला बोट लावून उभी होती. शिंप्याला नंतर सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "आजवर नुसतं वायाच गेलं बगा रक्त माझं."

मुलगा झाला, वडूजकडच्या त्याच दारात. काही महिन्यांनी शिंप्याच्या तपासणीचा दिवस विचारून घेऊन ती बाळासकट सांगलीला आली. बाळाच्या अंगात शिंप्यानं पाठवलेलं झबलं, डोक्यावर टोपडं. टोपडं पार डोळ्यांवर आलेलं.

"मामा, अंदाज चुकला तुमचा," ती म्हणाली.

शिंप्यानं गळ्यातली टेप काढली, आखडलेला पाय लांब करून बाकावर बसला आणि बाळाचं डोकं मोजू लागला.