तोतरीचं बोलणं

“दादा, तो आवाज आता कायमचा बंद करा. नाहीतर गाडी भंगारात घाला!”

“रोज चालू केली नाही तर कार्बोरेटर चिकटतो गं. इंजिन मरतं.”

“मरू दे! माणूस गेला, आणि इंजिनाचं काय घेऊन बसलात?”

मिस्त्रीच्या हातातला पाना हातातच राहिला. त्याच्या धाकट्या भावाची बायको नुकतीच कामावरून आली होती. खांद्यावरची पिशवीही तिने अजून उतरवली नव्हती.

“तुम्ही किक मारता, आणि आतून आई म्हणतात, ‘आला गं, पाणी दे त्याला.’ मी रिकाम्या खुर्चीपुढे पाणी ठेवते. विचारलं तर सांगते, हातपाय धुतायत. कुठवर करू ही सोंगं?”

“म्हातारीला शांत झोप लागते.”

“आणि मला?”

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. तसा तो मुळातच कमी बोलणारा. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं गॅरेज होतं. कुठलीही गाडी आली की स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो आधी आतलं ऐकायचा, मगच खोलायचा. गिऱ्हाईक कितीही कावलं तरी त्यात बदल नाही. लग्न राहून गेलं, त्यावर धाकटा म्हणायचा, “दादा मुलगी बघायला गेला तरी आधी कानाला स्क्रूड्रायव्हर लावेल!”

धाकट्याची ही जुनी मोटारसायकल मात्र मिस्त्रीने कधीच धड केली नव्हती. प्लगला ठिणगी देणारा पॉइंट खडबडीत झाल्यामुळे ती दोन-चार ठोके नीट मारायची, मग एक गिळायची. सगळी गल्ली तिला तोतरी म्हणे. मिस्त्री पॉइंट घासायला बसला की धाकटा हात धरायचा. “राहू दे रे. मी आलो ते आईला कोपऱ्यावरूनच कळतं.”

असा हा धाकटा दवाखान्यात गेला, तो परत आला नाही. आईच्या डोक्यात ते टिकत नसे. सांगितलं की नव्याने रडायची, उठली की विसरलेली. एका संध्याकाळी, इंजिन जाम होऊ नये म्हणून मिस्त्रीने सहज किक मारली आणि आतून आवाज आला, “आलास?” मिस्त्रीने घाईने गाडी बंद केली. पण त्या रात्री आई निवांत झोपली. तेव्हापासून दिवेलागणीला तोतरी बोलत होती.

“बरं,” मिस्त्री आता म्हणाला.

त्याने बाजूचं झाकण खोललं. काळवंडलेला पॉइंट पॉलिश पेपरने घासला, मापाची पत्ती घालून फट नीट लावली. एवढंसं काम, पण कुणाच्या तरी तोंडावर हात दाबून धरल्यासारखं त्याला वाटत राहिलं. मग किक मारली.

इंजिन सरळ, एकसारखं चालू लागलं. सवयीने त्याने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. आत कोणी अडखळत नव्हतं. आत कोणीच नव्हतं. त्याने गाडी बंद केली.

घरातून हाक आली नाही. भावजयीने सुस्कारा सोडून पिशवी खाली ठेवली.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. चौकटीला धरून आई उभी.

“कुणाची गं गाडी?”

“गिऱ्हाईकाची आहे, आई.”

“तरीच. आपली नव्हे ती.” आईने खुर्ची ओढत दारात आणली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. “आज उशीर केला पोराने. तू जेवून घे. मी आहे जागी, तो येईपर्यंत.”

“आई, आत चला. गारठा आहे.”

“त्याचा आवाज आल्याशिवाय मला झोप लागते का कधी?”

भावजयीने मिस्त्रीकडे पाहिलं. मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “ती... होती तशी करता येईल ना?”

मिस्त्रीने घासलेल्या पॉइंटची काळी पूड फडक्याने बोटांवरून पुसली. स्क्रूड्रायव्हर खिळ्याला अडकवला. आईच्या खुर्चीला धक्का लागणार नाही असा अंग चोरून तो बाजूने निघाला, आणि भंगारवाल्याकडे एखादा जुना, खडबडीत पॉइंट मिळतो का बघायला रस्त्याला लागला.