माझ्याच तोंडून

सरांनी माझा रेकॉर्ड झालेला कॉल स्पीकरवर लावला. टेबलावर दोन काळे स्पीकर होते. आवाज पूर्ण मोठा केला. सगळ्यांना हेडफोन काढून ऐकायला सांगितलं. आम्ही सात मुली.

गिऱ्हाईक विचारत होतं, "प्लॉटच्या आजूबाजूला वस्ती वगैरे आहे का?"

मग माझा आवाज. "हाय ना सर. आमची ठाकरांची वाडी हाय. लागूनच हाय."

सरांनी मागे नेऊन परत लावलं. हाय. परत लावलं. हाय. मुली हसल्या. जिच्या डब्यातली भाजी मी आदल्या दिवशी खाल्ली होती, तीही हसली.

"लोक मुंबईहून शांततेसाठी येतात," सर म्हणाले. "ठाकरांच्या शेजारी राहायला नाही येत. कळलं?"

मी मान हलवली. कळलं म्हणून.

ऑफिस कर्जतला, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. कॉम्प्युटरवरून फोन लागायचे. आम्ही कानाला हेडफोन लावून डोंगराच्या पायथ्याचे फार्महाऊसचे प्लॉट विकायचो. आमच्या आदिवासी वाडीत पदवी घेतलेली मी पहिली. पहिल्या दिवशी तोंडासमोर माईक आला तेव्हा वाटलं होतं, आता आपलं कोणीतरी ऐकून घेईल. दुपारच्या पाळीला माझ्या जागेवर बसणारी मुलगी हेडफोनचे स्पंज रुमालानं घासून पुसायची. दुसऱ्या कुठल्या जागेवर बसली तर नाही पुसायची. मी बघायचे आणि जिना उतरायचे.

त्या स्पीकरच्या प्रकारानंतर आठवड्याभरात सरांनी मला आत बोलावलं. प्लॉटच्या व्हिडिओसाठी बाईचा आवाज हवा होता.

"गळा चांगलाय तुझा. बोली तेवढी सुधार. माईक दोन बोटं लांब धर, श्वास ऐकू येतोय."

कागदावर चार ओळी होत्या. तीन पटकन झाल्या. शेवटची ओळ होती, "आजूबाजूला कोणीही राहत नाही."

तिथं माझी जीभ अडायची. सर म्हणायचे, परत. "नाही" म्हणायचं, "नाय" नाही. परत. वीस-बावीस वेळा तरी म्हटलं असेन. प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर आमची घरं यायची, कुडाच्या भिंती, दारातल्या कोंबड्या. मग हळूहळू यायची बंद झाली. वाक्य स्वच्छ निघालं. सरांनी टाळ्या वाजवल्या. बाहेरच्या मुलींनीही वाजवल्या.

आणि मला बरं वाटलं. हे सांगताना आज तोंड कडू होतं. पण वाटलं होतं.

पुढं एका रविवारी प्लॉट बघायला एक कुटुंब आलं. गाडी वाडीच्या बोअरिंगजवळ थांबली. आई तिथं हंडा भरत होती. गाडीतल्या बाईनं आमच्या घरांकडं बोट केलं आणि एजंटवर तापली. "तुमच्या व्हिडिओत तर वेगळंच सांगितलंय." तिनं मोबाईलवर व्हिडिओ लावला. आवाज गाडीच्या स्पीकरमधून बाहेर आला.

आईनं हंडा खाली ठेवला. शेजारच्या काकीला म्हणाली, "ह्यो आवाज माज्या पोरीचा हाय." काकी म्हणाली, "नाय गं, ती असं कशाला बोलंल?"

हे मला काकीनं सांगितलं. आईनं संध्याकाळी एवढंच विचारलं,

"आमी दिसलो नाय का गं तुला?"

ओरडली असती तर मी उलट बोलले असते. ती ओरडली नाही. भाकरी वाढली आणि बाहेर जाऊन बसली. मी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलासमोर उभी राहिले. म्हटलं, "सर, तो व्हिडिओ काढा. आवाज माझा आहे."

सर हसले. "आवाज कंपनीचा. सही केलीयस तू. जा, कॉल घे."

मी जागेवर गेले. हेडफोन घातला. ठाण्याचे एक गृहस्थ लाईनवर होते. मी म्हटलं, "साहेब, त्या जागेला लागून सदतीस घरं आहेत. माझं त्यातलं एक. जमीन आम्ही कसतो. कोणीही राहत नाही असं सांगणारी बाई मीच, आणि मी खोटं बोलले."

सरांनी मागून येऊन वायर ओढली. हेडफोन केसांसकट निघाला.

"चालती हो. तुमच्या जातीला खुर्ची मिळाली तरी अक्कल येत नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. कोणी उठलंही नाही. मी चप्पल घालून खाली आले.

म्हणून काही जिंकले नाही. व्हिडिओ अजून चालू आहे. माझाच आवाज दिवसभर कोणाकोणाच्या मोबाईलवर वाजतो, आणि तो मला थांबवता येत नाही. कुंपणाचे सिमेंटचे खांब बोअरिंगच्या पुढं आलेत. आमच्या नावावर कागद नाही. वाडीचा तालुका खालापूर, तिथं तहसीलदारांकडं अर्ज दिला, उत्तर आलं नाही. वकील म्हणाला, फार आशा ठेवू नका. ठेवलेली नाही. आई माझ्याशी बोलते, पण कामापुरतं.

येत्या सोमवारी बिल्डरच्या प्लॉटना मंजुरी देण्याआधी अधिकारी पाहणीला येणार आहेत. बिल्डरचा माणूस त्यांना गाडीतच बसवून फिरवणार, हे आम्हाला माहीत आहे. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहणार आहे. काच खाली होईपर्यंत हलणार नाही. मग एकेका घरातल्या एकेका माणसाचं नाव मोठ्यानं घेणार. म्हाताऱ्यांचं, रांगत्या पोरांचं. लिहून घेवोत, न घेवोत. पोलीस बोलावतील, बोलावू देत. सगळी नावं पुरी झाल्याशिवाय मी बाजूला होणार नाही.