मधे कोणी नको

ऑफिसात त्याला सगळे पंडित म्हणायचे. प्रोग्रामर म्हणून त्याचा हात चांगला होता, पण तोंड त्याहून चांगलं. चहाचा कप कुठे ठेवावा यावरही तो अर्धा तास तत्त्वं सांगे, आणि वाद जिंकल्याशिवाय जेवायला उठत नसे.

टीमची जुनी मेसेजिंग सेवा बंद पडणार होती, नवी निवडायची होती. सर्व्हर सांभाळणारी बाई म्हणाली, "फेडरेटेड घेऊ. आपला सर्व्हर आपल्याकडे, इतरांचे त्यांच्याकडे, आणि ते एकमेकांशी बोलतील. समोरचा नसला तर निरोप सर्व्हरवर थांबेल."

"म्हणजे मधे कोणीतरी आलंच!" पंडित उसळला. "डिसेंट्रलाइज्ड घ्या. सर्व्हरच नको. माझ्या यंत्रातून थेट तुझ्या यंत्रात."

"अहो, पण दोघांची यंत्रं एकाच वेळी चालू नसली तर?"

"तर चालू ठेवायची! तेवढी शिस्त नको?"

बाईनं हात टेकले.

जिंकल्याच्या भरात त्यानं त्याच रविवारी ताईकडे जाऊन तिच्याही फोनवर तेच ॲप टाकलं. आई गेल्यावर ताईनंच त्याला वाढवलं होतं. आता ती दुसऱ्या गावी एकटी राहायची. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून दोघांचं बोलणं लिहूनच चाले. ती दुपारी लिहायची आणि खोलीतून निघताना दिवा मालवावा तसा फोन बंद करायची. याचा फोन कामात व्यत्यय नको म्हणून संध्याकाळी सातपर्यंत बंद. सुट्टीच्या दिवशी त्याला विश्रांती मिळावी म्हणून ती फोनला हातच लावत नसे. यातून काय होणार, हे ताईला कसं कळावं? त्याला कळायला हवं होतं. त्याचा तर तो पोटापाण्याचा धंदा.

पुढच्याच आठवड्यात ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि कामाच्या रेट्यात तो गेला नाही. संध्याकाळी त्यानं लिहिलं, 'कशी आहेस?' उत्तर नाही. चार दिवसांनी पुन्हा तेच लिहिलं. मेसेजखाली बारीक अक्षरांत 'पाठवत आहे' असं तसंच राहिलं होतं, तिकडे त्यानं पाहिलंही नाही. ताई रुसली, असं त्यानं ठरवून टाकलं. रुसू दे, आपण दोनदा विचारलंय! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत. सात आठवडे असे गेले.

एका संध्याकाळी फोन सुरू केला, तोच ताईच्या शेजारणीचा फोन आला. ताई जिन्यातच गेली होती.

सगळं उरकल्यावर तो तिची खोली आवरायला बसला. उशाशी तिचा फोन होता. चार्जरला लावून सुरू केला आणि त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. एकामागून एक नऊ मेसेज.

'डोळा छान झाला. सुईत दोरा ओवता येतो.'

'कामात असशील. असू दे.'

'रागावलास का रे? माझं काही चुकलं का?'

शेवटचा, ती गेली त्याच्या आदल्या दिवशीचा: 'जिना चढताना दम लागतो. येऊ नकोस, नुसतं लिही.'

तो हमसून हमसून रडला. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. 'कशी आहेस?' मागोमाग पुन्हा, 'कशी आहेस?'

सोमवारी तो सर्व्हरवाल्या बाईकडे गेला. "तुझं ते फेडरेटेड लाव."

"आता? अहो, वाद तर तुम्हीच जिंकला होतात."

"हो," तो म्हणाला आणि जागेवर येऊन बसला. टेबलावर त्यानं दोन फोन ठेवले, त्याचा आणि ताईचा. दोन्ही चालू होते.