साडेअठ्ठ्याण्णव अंश

रामटेके मॅडमची आणि माझी पहिली भेट अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पहिल्या तासाला झाली आणि त्याच तासाला मी तोंडावर पडले. टेबलावर दोन सारखी भांडी दोन सारख्या स्पिरिटच्या दिव्यांवर ठेवली होती. एकात पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचं फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल. पाच मिनिटांनी जास्त काय तापेल, असं मॅडमनी विचारलं. मी पहिल्या बाकावरून ठणकावून सांगितलं, "दोन्ही सारखंच. आच सारखी आहे न!" मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. थर्मामीटर माझ्या हातात देत म्हणाल्या, "मले कायले सांगते? याले विचार." तेल पाण्याच्या कितीतरी पुढे गेलं होतं. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं : विशिष्ट उष्मा, म्हणजे एक ग्रॅम पदार्थ एक अंशानं तापवायला लागणारी उष्णता. पाण्याला ती भरपूर लागते, तेलाला जवळपास निम्मी पुरते. हे मी आयुष्यात विसरले नाही, कारण आधी मी चुकले होते.

मॅडमची साठी होते आहे, म्हणून हा गौरवग्रंथ. समितीनं मला पत्रातून बजावलं आहे की लेखात कटू प्रसंग टाळावेत. समितीतले सगळे माझे वर्गमित्र आहेत, त्यामुळे नेमका कोणता प्रसंग टाळायचा आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. तो टाळायचा असेल तर समितीनं माझा लेखच टाळावा.

मॅडमचा प्रयोगशाळेत एकच नियम होता : जे आलं ते लिहा. आमच्याकडे, आणि खरं तर सगळीकडेच, रीडिंग 'जमवायची' पद्धत होती. पुस्तकातलं उत्तर आधी बघायचं आणि उलटं गणित करून तापमानं भरायची. मॅडमना असं पान दुरून ओळखू यायचं. तांब्याचा विशिष्ट उष्मा पुस्तकातल्यासारखा तंतोतंत आला की त्या म्हणायच्या, "एवढं बरोबर? मंग प्रयोग कायले केला?" आणि पान परत द्यायच्या. ज्याचं उत्तर थोडं हुकलेलं असे, त्याच्याजवळ मात्र स्टूल ओढून बसत. उष्णता कुठे गेली ते शोधायला लावत. पाण्याच्या कपानं किती घेतली, हवेत किती गेली, तांब्याचा गरम तुकडा त्या कपात टाकताना हात किती रेंगाळला, सगळं. डबा खायची सुट्टी त्यात संपली तरी त्यांना फिकीर नसे.

याच प्रयोगात धातूचा तुकडा उकळत्या पाण्यात तापवायचा असतो. पुस्तक सांगतं, पाणी शंभराला उकळतं. आमचा थर्मामीटर साडेअठ्ठ्याण्णवाला थांबायचा. मॅडमनी समजावलं की यवतमाळ उंचावर आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी आधीच उकळतं. "शंभर हे समुद्राकाठचं पाणी झालं. आपल्या गावचं पाणी आपल्या हिशेबानं उकळते," असं त्या अगदी ऐटीत म्हणायच्या.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. माझं टेबल पहिलं. त्यांनी माझ्या पानावर बोट ठेवलं. "उकळत्या पाण्याचं तापमान साडेअठ्ठ्याण्णव? हे शिकवलं तुम्हाला?" मॅडम पुढे आल्या. त्यांनी शांतपणे कारण सांगितलं. थर्मामीटर खराब आहे, असं उत्तर मिळालं. मॅडमनी कपाटातून आणखी तीन थर्मामीटर काढले आणि उकळत्या पाण्यात सोडले. "सर, एकदा वाचून तर पाहा." परीक्षक वाकले नाहीत. "मी इथे शिकायला आलेलो नाही," म्हणाले.

प्राचार्यांना बोलावणं गेलं. मॅडम तेव्हा कायम नव्हत्या. त्यांचा प्रस्ताव त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या सहीनं जायचा होता, हे आम्हा पोरापोरींनाही माहीत होतं. प्राचार्य त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, पण आम्ही ऐकलं, "शंभर म्हणून टाका न मॅडम. दीड डिग्रीनं काय बिघडून राह्यलं?"

"ते दीड डिग्री माह्या घरचे नाहीत सर," मॅडम म्हणाल्या. "मी कसे देऊन टाकू?"

परीक्षक माझ्याकडे वळले. "दुरुस्त करा, नाहीतर शून्य." मी मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी साडेअठ्ठ्याण्णव खोडलं आणि शंभर लिहिलं. माझ्यामागे अख्ख्या वर्गानं खोडलं. आम्हाला सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. मॅडमचा प्रस्ताव मात्र पुढची दोन वर्षं फायलीतच पडून राहिला.

परीक्षेनंतर मी त्यांचा रस्ता चुकवू लागले. आठ दिवसांनी त्याच आमच्या दारात उभ्या. आईनं चहा टाकला. मी रडत रडत माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, "भेली होती न तू? मंग तेही रीडिंगच झालं माय. लिहून ठेव, खोडू नको." त्या दिवशी त्यांनी मला बी.एस्सी.ची दोन पुस्तकं दिली. ती अजून माझ्याकडे आहेत.

आज मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. आकडा जरा इकडचा तिकडे करा, असं गोड बोलून सांगणारे तिथेही येतात. मी करत नाही. बढती उशिरा मिळाली, मिळाली हेही खूप झालं. मॅडम निवृत्त झाल्या तरी घराच्या ओट्यावर पोरं गोळा करून पाणी उकळतच असतात. पुरस्कारासाठी अर्ज करा म्हटलं, तर म्हणाल्या, "मी चांगली आहे असं मीच कायले लिहू?"

तर मित्रहो, खाडाखोड केलेले आपण सगळे आता शाल-श्रीफळ द्यायच्या आधी एक काम करू. माझ्यापुरतं मी इथे, छापील अक्षरांत, करते आहे. माझ्या परीक्षेच्या पानावर शंभर आहे. ते खोटं आहे. पाणी साडेअठ्ठ्याण्णवाला उकळत होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मॅडम बरोबर होत्या.

समितीनं निमंत्रणावर 'शतायुषी व्हा' छापलं आहे. मॅडम, माफ करा, पण आलं नसताना शंभर लिहायची चूक मी एकदा केली आहे, पुन्हा करणार नाही. तुम्ही धडधाकट राहा, भांडत राहा, खूप खूप जगा. आकडा किती येतो ते आम्ही बघू, आणि जो येईल तोच लिहू.