खडकावरची भाजी

आमच्या भाटव्यांइतका वाकून चालणारा ताठ माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. भाटवे म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान; बहिणीला मी बाई म्हणतो. तुमसरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. रस्त्यात सख्खा भाऊ भेटला तरी ओळखायचे नाहीत, पण त्याच्या चपलेखालचं गवत ओळखून त्याला बाजूला सरकायला लावायचे. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा कुठलं ऑफिस कुठे जाणार यावरून सगळे हमरीतुमरीवर आलेले; यांना घोर एकच, "आपल्या वाटणीले पहाड कोनते आले?" सिहोऱ्याच्या एका लग्नात हे गळ्यातलं भिंग लावून नवरदेवाच्या हारातली फुलं तपासत बसले आणि मुहूर्त टळता टळता राहिला. पावसात छत्री यांच्या डोक्यावर नसे, झाडावर असे.

असेच एका पावसाळ्यात आंबागडाच्या माथ्यावर, उघड्या खडकाच्या भेगेत, त्यांना एक इवलंसं झुडूप सापडलं. हे कुठल्याच पुस्तकात नाही, असं त्यांचं मन सांगत होतं. पण तज्ज्ञांना दाखवायला फुलासकट नमुना हवा, आणि फुलोरा जेमतेम आठवडाभराचा. त्यांनी चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या, गारव्याला माठाजवळ ठेवल्या आणि आंघोळीला गेले. आमच्याकडे पावसाळ्यात माठाजवळ ओल्या फडक्यात जे असतं, ती रानभाजी असते.

जेवताना भाटव्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. "कायची भाजी होय ही?"

"तुमीच तं आनली जी," बाई म्हणाली.

त्यांचा घास तोंडातच थांबला. मग सावकाश चावून गिळत म्हणाले, "कडू नाही." मला हसू आवरेना, पण त्यांचा चेहरा पाहून मी मान खाली घातली. त्या चढणीनंच गुडघे कामातून गेलेले, डॉक्टरांनी पुन्हा चढायची मनाई केलेली, आणि आठवड्याभरात पाऊस असा लागला की खडकावर एक फूल राहिलं नाही. बाई रडायला लागली. "रडून काहून राहिली?" ते म्हणाले. "अख्ख्या जगात ही भाजी खाल्लेले आपन तिघंच."

पुढच्या वर्षी ते गड चढले. चढले कसले, बसून बसून वर सरकले. मी मागून रेटत होतो. फूल मिळालं. झाड खरंच नवं निघालं, आंबागडाशिवाय कुठेच न आढळलेलं, म्हणून त्याला गडाचंच नाव दिलं. स्वतःचं का नाही, असं लोक विचारत. "मीनं पेरलं काय ते?" एवढंच त्यांचं उत्तर.

त्यानंतर त्या घरात कुठलीही पालेभाजी तपासल्याशिवाय चुलीवर चढली नाही. बाई सूप पुढे करायची, "पाहून घ्या जी," आणि हे पान न् पान भिंगाखाली घालून म्हणायचे, "टाक." माझ्या बहिणीला इतका जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

भाटवे गेले. परवा मी बाईकडे गेलो होतो. तरोट्याची भाजी निवडून झाली आणि तिनं सवयीनं सूप रिकाम्या खुर्चीपुढे धरलं. "पाहून घ्या जी," म्हणाली, आणि तशीच उभी राहिली. मी खुंटीवरचं भिंग काढलं, एकेक पान नीट पाहिलं आणि म्हटलं, "टाक, बाई."