पाटाच्या पाळीवर चाललेला फिटरवर्ग

पुढारी भांडत असले की मला भीती वाटत नाही. ते एक झाले की वाटते. एकदा पाच पुढारी एक झाले आणि मी सोलापूरच्या मिलमधली पक्की नोकरी सोडून बैलगाडीत बसलो. कुणी ढकललं नव्हतं, आपल्या पायानं चढलो होतो, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नाही.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली होती. बारामतीच्या अंगाला शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा राहत होता. भिंती आल्या, धुराडं आलं, बैलांच्या चार-चार जोड्या लावून ऊस पिळायचे रोलर ओढून आणले. मग कारखान्याचे इंजिनिअरसाहेब म्हणाले, आता वीस फिटर लागतील, ते मी बाहेरून आणतो. हे ऐकून पाटावरच्या पाच गावांचे पुढारी जागे झाले. ऊस आपला, शेअर आपले, आणि पगार मात्र परमुलखातल्या माणसांना, हे त्यांना पटेना. पाचही जण एका सतरंजीवर बसले. ही एवढीच बातमी तालुकाभर पसरायला पुरेशी होती, कारण पाण्यावरून त्यातल्या तिघांचे एकमेकांवर दावे चालू होते. ठराव झाला की प्रत्येक गावची चार अशी वीस पोरं फिटर म्हणून तयार करायची. साहेबांनी सहा महिन्यांची मुदत दिली. शेवटी ते स्वतः परीक्षा घेणार होते.

शिकवायला माणूस पाहिजे होता, तो मी. माझं गाव या पाचांतलं शेवटचं, इंदापूरच्या अंगाचं. बाप गावचा लोहार. समितीचे अध्यक्ष होते पहिल्या गावचे आबा. फेट्याला कडक इस्त्री आणि बोलण्यात तेवढाच ताठा. त्यांनी मला सोलापूरहून बोलावून घेतलं आणि सांगितलं, "पंधरा पोरं पास कर. कारखान्याचा हेडमिस्त्री तू. सायबाशी बोलून ठिवलंय." मी त्याच आठवड्यात मिलचा राजीनामा दिला. बायको ट्रंक भरताना एवढंच म्हणाली, "पंधरा न्हाय झाली म्हंजी?" मी म्हटलं, होतील. ती म्हणाली, "मी इचारलं न्हाय झाली म्हंजी." मिलमध्ये माझ्या जागी दुसरा माणूस उभाही राहिला होता.

पहिल्याच सभेत घोडं पेंड खाऊ लागलं. वर्ग कुठल्या गावात भरवायचा? प्रत्येकाला तो आपल्याच गावात हवा होता. कुणाकडे देवळाचा मंडप होता, कुणाकडे शाळेची पडवी, आणि एकाकडे काहीच नव्हतं म्हणून त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. दोन दिवस खल झाला. शेवटी आबांनी तोडगा काढला. त्यांचं सगळं आयुष्य पाटाच्या काठावर गेलेलं. न्यायानं वाटायची म्हणून एकच रीत त्यांना ठाऊक होती आणि उरलेल्या चौघांनाही तीच. ते म्हणाले, "पाळी लावा."

पाटाचं पाणी मुखाकडून सुटतं. आधी वरचं गाव भिजतं, मग त्याच्या खालचं, असं करत शेवटी शेपटाला पोचतं, उरलं तर. तशीच वर्गाची पाळी लागली. एक बैलगाडी, तीत लोखंड आवळून धरायचे चार वाइस, बारा नव्या कानशी, हातोडे, गुण्ये आणि मी. प्रत्येक गावात आठ दिवस. पाच गावं झाली की एक पाळी संपली, गाडी परत मुखाशी. अशा चार पाळ्या. वेळ पाळली जाते की नाही हे बघायला त्यांनी पाटकरी नेमला, तोच, जो एरवी चाऱ्यांची दारं उघडून पाणी सोडतो. त्याला फिटरकाम काडीचं कळत नव्हतं, पण पाळी म्हटल्यावर त्याच्या अंगात यायचं. आठव्या दिवशी सूर्य मावळायच्या बेताला तो यायचा, काठी आपटायचा आणि म्हणायचा, "पाळी बंद." मग एखाद्याची कानस लोखंडावर अर्ध्यात असली तरी ती उचलून गाडीत टाकायची. पहिल्या सभेत एकानं, रात्रपाळी कुणाची, असंही विचारलं होतं. विनोदानं नव्हे.

पाळी आली म्हटल्यावर चोरीही आली. दुसऱ्या गावानं मला आठ दिवसांऐवजी दहा दिवस ठेवून घेतलं. निघायच्या दिवशी गाडीचं एक चाकच जागेवर नव्हतं. ते गावच्या पुढाऱ्याच्या कडब्याच्या गंजीत सापडलं. खालच्या गावानं पाटकऱ्याकडे तक्रार केली. त्यानं जागेवर येऊन पंचनामा केला आणि लिहिलं की मास्तर दोन दिवस वरच्या गावानं बेकायदा वापरला. माझा अंगठा घ्यायला निघाला होता. मला सही येते म्हटल्यावर तो जरा खट्टू झाला.

पोरांचं म्हणाल तर पहिला महिना त्यांनी नाकं मुरडण्यातच घालवला. एक माझा चुलतभाऊ सोडला तर पाटलांची, बागाईतदारांची पोरं ती. आमच्या दारात फाळ ठोकून न्यायला येत तेव्हा माझ्या बापाला एकेरी हाक मारायची. आता त्याच लोहाराच्या पोराला मास्तर म्हणायचं आणि त्याच्यापुढं उभं राहून लोखंड घासायचं, हे त्यांच्या गळी उतरेना. एकानं घरच्या गड्यालाच बरोबर आणलं. म्हणाला, घासायचं काम हा करील, मी बघून शिकतो. मी गड्याला शिकवायला सुरुवात केली. तो इतका झरझर शिकायला लागला की चौथ्या दिवशी मालकानं त्याच्या हातातली कानस ओढून घेतली. तेव्हापासून वर्गाला रंग चढला. खरं सांगतो, त्या पोरांचा मला पुढं लळा लागला.

आता कानशीविषयी सांगतो, कारण सगळं तिच्यापाशीच घडलं. कानस नवी असते तेव्हा तिचे दात लोखंडाला असे धरतात की हात नुसता पुढं न्यायचा. जुनी झाली की अंगाचा सगळा भार टाकून पन्नासदा घासावं, तेव्हा कुठं चिमूटभर कीस पडतो. समितीनं ठरवलं होतं की दर पाळीला बारा नव्या कानशी आणायच्या. आबा त्या पुण्याहून आणायचे आणि पाळी मुखाशी सुरू व्हायची. पहिल्या गावात कानशी करकरीत. दुसऱ्या गावात बऱ्या. तिसऱ्या गावी पोळ्याच्या आधी पोचलो तर पोरांनी माझा डोळा चुकवून गावातल्या सगळ्या बैलांची शिंगं त्याच कानशींनी घासून गुळगुळीत केली. बैल देखणे दिसत होते. चौथ्यात कानशी मधूनमधून नुसत्या सरकायच्या. आणि शेपटाच्या गावी, म्हणजे माझ्याच गावी, त्या पोचायच्या तेव्हा तव्यावरची भाकरी उलटण्याइतपतच त्यांचा उपयोग उरलेला असायचा.

आमच्या गावचे पुढारी तात्या. पाचांत वयानं मोठे आणि आवाजानं लहान. त्यांचा धाकटा मुलगा वर्गात होता. थोरला मुंबईला मिलमध्ये गेला होता आणि दोन-दोन वर्षं गावाकडं फिरकत नव्हता. धाकटा तरी घरून कामावर जावा, रात्री आपल्या पंगतीला जेवायला असावा, एवढीच त्यांची इच्छा होती. वर्ग भरायचा त्या पडवीत ते रोज येऊन बसायचे. एकदा त्यांनी कानशीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मास्तर, ही अशीच असती व्हय?"

मी म्हटलं, "अशीवर हात बसला तात्या, की कसलीबी चालवता येती."

हे मी का बोललो? मला ठाऊक होतं की ती तशी नसते. आबांना सांगायला हवं होतं की एक तरी पाळी शेपटाकडून सुरू करा. पण माझी हेडमिस्त्रीची जागा आबांच्या शब्दावर होती, आणि पाळी उलटी करायची म्हणजे काय, हे पाटावर जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. डोकी फुटतात. मी गप्प बसलो आणि माझं ते वाक्य मलाच हळूहळू खरं वाटू लागलं.

परीक्षा कारखान्याच्या शेडमध्ये झाली. साहेबांनी प्रत्येकाला लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा दिला आणि चौकोनी भोक पाडलेली एक पट्टी. तुकडा घासून त्या भोकात असा बसवायचा की कडेनं उजेड दिसता कामा नये. मग त्यांनी पेटी उघडली आणि वीस कोऱ्या करकरीत कानशी वाटल्या.

वरच्या गावांची पोरं सराईतपणे हलक्या हातानं कामाला लागली. माझ्या गावच्या चौघांनी सवयीप्रमाणे पाय रोवले, दात-ओठ खाल्ले आणि अंगाचा सगळा भार कानशीवर टाकला. कानस लोण्यातनं जावी तशी गेली. ते थांबून बघेपर्यंत तुकडे बारीक होऊन गेले होते. तात्यांच्या मुलाचा तुकडा भोकात घातला तर तो पलीकडून खाली पडला. त्यानं तो उचलला, परत घातला, परत पडला. त्यानंतर त्यानं मान वर केली नाही.

सोळा पास, चार नापास. आबांनी जागेवर पेढे वाटले. साहेबांनी माझ्या नेमणुकीचं पत्र टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की उरलेल्या चार जागांवर सोमवारी बाहेरची माणसं येतील. चौघेच तर राहिले, असं आबा म्हणत होते. तेव्हा तात्या माझ्याजवळ आले. त्यांनी एक नवी कानस उचलली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि बोट झटकलं, कारण ती बोचली.

"मास्तर," ते म्हणाले, "पान्याचं मी समजू शकतो. वरच्या अंगानं उतार हाय, ते खाली येस्तवर आटायचंच. कानशीला कसला उतार?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी साहेबांना सगळं सांगितलं, पाळी, बैलांची शिंगं, माझं गप्प बसणंही. म्हटलं, हे चौघे नापास नाहीत, मी नापास आहे. एक महिना द्या आणि यांना नव्या कानशी द्या. तोवर माझं पत्रही तुमच्याच खणात राहू दे.

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. साहेब मात्र बराच वेळ हसत होते. बैलाच्या शिंगांचं त्यांना फारच आवडलं होतं. म्हणाले, "ठीक. चौघांपैकी तिघं पास झाले तर पत्र घेऊन जा. नाहीतर मी पाच माणसं बाहेरून आणतो, पाचवा हेडमिस्त्री."

घरी सांगितलं. बायकोनं भाकरी थापायची थांबवली. म्हणाली, "हातात आलेलं पत्र सायबाला परत दिलं?" मी हो म्हटलं. "पेढा तरी आणलाय का?" तेवढा आणला होता. तिनं तो घेतला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र पडवीत येऊन तिनं तात्यांच्या मुलाला चांगलं फैलावर घेतलं, की असा नांगर दाबल्यासारखा काय दाबतोस, पीठ चाळल्यागत हात चालव. सहा महिन्यांत मला जे सांगता आलं नव्हतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं.

तो महिना कसा गेला ते माझं मला माहीत. परीक्षेच्या दिवशी तीन तुकडे बरोबर बसले. तात्यांच्या मुलाचा तर असा की साहेबांनी खिडकीशी धरून पाहिला, उजेडाचा धागाही दिसेना. चौथा माझा चुलतभाऊ. त्याचा तुकडा याही वेळी पडला. त्याला कुठलीच कानस पुरी पडली नसती. पुढं त्यानं इंदापूरला सायकलचं दुकान काढलं आणि आम्हा सगळ्यांपेक्षा बरा राहिला.

आबांनी कचेरीत चहा सांगितला. पाचही पुढारी बसले होते, फार खुशीत. एकानं म्हटलं की आपल्यासारखी एकी जिल्ह्यात कुठं न्हाय. दुसरा म्हणाला, आता वायरमनचा वर्ग काढू. साहेबांनी मला पत्र दिलं, मी ते घडी घालून खिशात ठेवलं. तात्या दाराजवळच्या खुर्चीत होते. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते, तो काढतच नव्हते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "एक इचारू? नव्या कानशी शेपटाला दिल्या तर जमतं, हे तर दिसलं. आता पाटाच्या पान्याचंबी एक डाव शेपटाकडनं सुरू करून बघायचं का?"

एकानं घड्याळ काढून बघितलं. आबा म्हणाले, "चहा गार व्हतोय, घ्या." तात्या माझ्याकडे बघत होते. मी आता कारखान्याचा हेडमिस्त्री होतो. मी कप उचलला.