डाव्या हाताची परीक्षा

“ह्याच्या गाडीत बसायला कोण कोण तयार आहे? हात वर करा.”

प्रमुख पाहुण्यांनी माईकवर विचारलं. मी मंचावर त्यांच्या शेजारी उभा होतो. डावा हात खांद्याइतका उचलून, कारण ‘धरून ठेवा’ असं त्यांनीच सांगितलं होतं. हात थरथरत होता. मंडपात ड्रायव्हर, क्लीनर आणि त्यांच्या घरची माणसं. एकही हात वर झाला नाही. मग हशा.

त्यांनी माझं आडनाव विचारलं. त्यावरून जात ओळखली. ह्या तपासणीला त्यांना कुठलंही यंत्र लागलं नाही.

“मग चिंता कशाची? तुमच्या लोकांकडे जाळं असतंच. तळ्यात ब्रेक लागत नाही.”

पुन्हा हशा. मीही हसलो.

शिबिर गोंडपिपरीला होतं. ‘आजारानंतर सुरक्षित वाहनचालन’ असं फलकावर लिहिलेलं, पण पाहुण्यांच्या फोटोतून उरलेल्या जागेत. समई, शाली, नारळ, एकमेकांचे सत्कार. हे दीड तास चाललं. मग आमच्याकडे वळले.

मी चंद्रपूर ते आलापल्ली खासगी बस चालवायचो. एकवीस वर्षं. गेल्या वर्षी आंघोळ करताना डावी बाजू लुळी पडली. बोलणं परत आलं, पाय परत आला, हात पाऊण परत आला. गाडी चालवायची की नाही हे ऑक्युपेशनल थेरपिस्टनं तपासायचं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ही माणसं रोग बघत नाहीत, रोगानंतर काम कितपत जमतं ते बघतात. मालक म्हणाला, “शिबिरात पास हो. बस तुहीच हाये.”

ती थेरपिस्ट नागपूरहून आलेली तरुण बाई. सगळ्या शिबिरात काम येणारी ती एकटीच, म्हणून मंचावर तिला खुर्ची नव्हती. तिनं मला मंचामागच्या खोलीत नेलं. पकड मोजली. शर्टाची बटणं लावायला सांगितली. कागदावरचे आकडे क्रमानं जोडायला लावले. ती मला ‘काका’ म्हणाली आणि घाई केली नाही.

मग यंत्र. खुर्ची, स्टिअरिंग, पेडल, समोर मोठा पडदा. पडद्यावर कुठल्यातरी परदेशातला रस्ता, स्वच्छ, माणूस नावाला नाही. पाहुणे आणि मालक बघायला आले. झाडीतून एक हरीण आडवं आलं. मी ब्रेक दाबला. वेळेवर. हरीण गेलं. मी थांबून राहिलो. यंत्र ओरडायला लागलं.

“का थांबलात, काका?”

“एक गेलं का मागचं येते. कोठारीच्या जंगलात थांबाच लागते, बाई.”

ती लिहायला लागली. पाहुणे म्हणाले, “काय लिहिताय? मागे दुसरं हरीण नव्हतंच.”

खरं होतं. त्या देशात हरणं एकेकटी फिरत असावीत.

निकालाच्या कागदावर छापून आलं: निर्णय मंद. ती म्हणाली, “सर, ही फक्त पहिली पायरी आहे. खरा निर्णय रस्त्यावर घेतात. शिकवायची गाडी लागते, दोन्हीकडे ब्रेक असलेली.”

“इथे कुठून आणणार ती?” पाहुणे म्हणाले आणि जेवायला गेले.

जेवणाच्या रांगेत बायको माझ्यामागे उभी होती. ताट घेतलं नव्हतं तिनं.

“सगळे हासले ते हासले. तुमी काऊन हासले जी?”

मी आयुष्यभर असाच हसत आलो होतो. शाळेत गुरुजी ‘मासळीचा वास आला’ म्हणायचे तेव्हा. मालक माझ्या नव्या शर्टाला हात लावून मग तो हात पुसायचा तेव्हा. हसलं की पुढचा फटका हलका बसतो, असं वाटायचं. तो तसा कधी बसला नाही.

जेवणानंतर मालकानं कागद पुढे केला. ‘मी स्वखुशीने वाहन चालविण्याचे काम सोडत आहे.’ खाली माझं नाव टाइप केलेलं. शिबिर व्हायच्या आधीच.

“सही कर ना बे. काऊन टाइम खाऊन राह्यला?”

“मी खुशीनं सोडून नाई राह्यलो. मले रस्त्यावर नेऊन पाहा. नाई जमलं तर चाबी मीच देतो.”

“लकवा माहा हाये का तुहा?”

“माहा हाये. म्हणून सही बी माही. ते नाई देत.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ओळखीचे ड्रायव्हर पान खायला बाहेर गेले. त्यातल्या दोघांनी अशाच कागदांवर सह्या आधीच केल्या होत्या. एकाला साखरेचा आजार होता, दुसऱ्याला फिट्स.

आता बस दुसरा चालवतो. थेरपिस्टबाईनं ‘रस्त्यावरील चाचणीशिवाय निष्कर्ष काढू नये’ असं लिहून सही-शिक्क्यानिशी दिलं. पुढच्या शिबिराला तिला बोलावलं नाही. तिचा कागद जोडून मी रस्त्यावरच्या चाचणीसाठी जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज केला. उत्तर आलं, अशी सोय उपलब्ध नाही. मी दुसरा केला. तेच उत्तर, फक्त तारीख वेगळी.

हात आता ह्याहून सुधारणार नाही. कदाचित मी खरोखरच चालवू शकत नसेन. माझ्या मागे बसणाऱ्यांचे जीव मला मोलाचे आहेत, म्हणूनच हे नीट तपासायला हवं. दोन ब्रेकची गाडी इथे येईल असं वाटत नाही. आली तरी तोवर माझं वय उलटलेलं असेल.

तरी अर्ज दर महिन्याला जाईल. मला नापास करायचं तर रस्त्यावर करा. माझ्या अपमानावर मी पुन्हा हसणार नाही.